कच्चा दात

आपल्याला कॅन्सर झालाय, हे आमच्या मालकांनी स्वतःच ठरवून टाकलं. डॉक्टर नको, तपासणी नको. हिरडी जळते, एवढं कारण त्यांना पुरे होतं.

तसं घाबरण्यासारखं घरात घडलंही होतं. माझे थोरले दीर गुटख्यानेच गेले. शेवटी शेवटी नळीतून ताक घालावं लागायचं. दिरांच्या मातीहून मालक आले त्या दिवशीही त्यांच्या खिशात पुडी होती. मी पाया पडले, भांडले, माहेरी जाऊन बसले. हूं की चूं नाही. आणि आता हिरडी जळायला लागली, तशी पुडी आपोआप सुटली.

जळणं सुरू झालं ते पुढच्या दाताला टोपी बसवल्यापासून, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बसवकल्याणात आमचं पाइप-मोटारींचं दुकान. शटर ओढताना दांडा तोंडावर बसला आणि दात तुटला. कायमची टोपी येईपर्यंत तात्पुरती बसवायची होती. "उद्या या, नीट करून ठेवते," असं शिवलीला डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण हुमनाबादला साखरपुडा होता, दातात खिंडार घेऊन कसं जायचं? बसल्या जागी करून द्या म्हणून मालक अडून बसले.

पुढे जेवण सुटलं. भाकरी दुधात कुस्करून दोन घास, तेही माझ्या धाकाने. एका दुपारी मला दुकानात बसवून कोणत्या पाइपाला कोणता जोड लागतो ते शिकवायला लागले.

"मला कामून शिकवायलाव?"

"लागंल की तुला."

माझा संताप झाला आणि रडूही आलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तरी मी म्हणाले, "तुमी गेल्यावर शिकते. आता दवाखान्यात चला."

शिवलीला डॉक्टरांनी टोपी काढली. खाली हिरडी लालभडक झाली होती.

"अण्णा, ही घाईची टोपी हाय. भुकटी अन् पातळ औषध कालवून तोंडातच घट्ट केलेली. अशात थोडं औषध कच्चं राहतंय, अन् एखाद्याच्या हिरडीला ते झोंबतंय. गरम पाण्यात, दाबाच्या भांड्यात ठिवली असती तर पक्की झाली असती. आठ दिवस टोपीबिगर राहा. जळणं न्हाई थांबलं, तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

मग गालाच्या आत बॅटरी मारली.

"हे पांढरं मात्र टोपीचं न्हाई, पुडीचं हाय. आज कॅन्सर वाटत न्हाई. पुडी अशीच बंद राहिली, तर माघारी जाऊ शकतंय."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ते इष्टलिंगाची पूजा करून उठले की मी विचारायची, "जळायलंय का?" ते म्हणायचे, "व्हय." एका सकाळी मात्र त्यांनी मिरचीचा तुकडा चावून बघितला. "न्हाई की गं," म्हणाले, आणि लहान लेकरासारखे रडले. मीही रडले.

नवी टोपी डॉक्टरांनी दाबाच्या भांड्यात पक्की करून मगच बसवली. गुळगुळीत, कुठे झोंबणं नाही. त्या संध्याकाळी मालकांनी भजी मागून घेतली.

आठवडाही झाला नसेल, धुवायला घेतलेल्या शर्टाला तो गोडसर वास आला. खिसा उलटा केला, तर पुडी. मी ओरडले नाही. जे बोलायचं ते कधीच बोलून संपलं होतं. शर्ट बादलीत टाकला आणि एकटीच दवाखान्यात गेले.

"मॅडम, त्यांची ती टोपी काढा. पहिल्यासारखी बसवा."

"कामून, अक्का? झोंबायलीय का?"

"झोंबंना म्हणूनच."

"पहिली कच्ची होती, अक्का."

"कच्चीच बसवा. जळू द्या त्यांना. जळायलं तवर पुडी बंद होती. माझं न्हाई ऐकत, भावाच्या मरणाचं न्हाई ऐकत. त्या जळण्याचं ऐकलं."

"तसं मला करता येत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी मला उठवेना. उठून घरीच जायचं होतं. आणि घरी ते जेवून, त्याच पक्क्या दाताने पुडी फाडत असतील.