आधी चूळ भरा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या बाकावर माझी वहिनी उताणी झोपली होती आणि तिच्या बरगडीखाली तांब्याची वीतभर नळी टेकवून नळीबाबा गाल आत ओढून चोखत होता. मग बाबा सरळ झाला, स्टीलच्या वाडग्यावर वाकला आणि थुंकला. टणकन आवाज आला. सेवकाने वाडगा उंच धरून फिरवला. तळाशी वाटाण्याएवढा पांढुरका खडा होता.

"ना सुरी, ना टाका, ना रक्ताचा थेंब," बाबा म्हणाला. "डॉक्टर खडा फोडतात. आम्ही त्याला बोलावतो, तो आपणहून येतो."

जणू मुतखडा नव्हे, माहेरपणाला निघालेली लेकच. पण हजारभर माणसांनी हात जोडले, त्यांत माझा दादाही होता.

मी इस्पितळात एक्स-रे काढते. वहिनीच्या मुतखड्याचा फोटो मीच काढला होता, तेव्हा तो खडा माझ्या चांगल्या ओळखीचा होता: भाताच्या शितासारखा लांबट, एका बाजूला टोक असलेला. वाडग्यातला गोल गरगरीत होता. मी दादाला तसं सांगितलं, तर त्याने मला गप्प बसायला सांगितलं. वहिनीचं दुखणं थांबलं होतं ना, मग झालं तर.

ती बाबाकडे का गेली, हेही सांगायला हवं, कारण त्यात आमचाही वाटा आहे. आमच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून, तिच्याकडे न बघता, "स्टोन आहे, भरपूर पाणी प्या, दोन आठवड्यांनी या," एवढं सांगितलं होतं. ऑपरेशन लागेल का, असं तिने विचारलं. ते "बघू" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या 'बघू'चा अर्थ वहिनीने कापाकापी असा लावला. एवढा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, हे मला ठाऊक होतं. पण रिपोर्ट सांगणं हे डॉक्टरांचं काम, म्हणून मी गप्प राहिले. नळीबाबा मात्र तिच्याशी पाव तास बोलला होता.

त्याने तीन नियम घालून दिले. रोज एक पुडी पाण्यातून घ्यायची. एकवीस दिवस फोटो काढायचा नाही. आणि डॉक्टरांजवळ या उपचाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर खडा पुन्हा धरतो.

बाराव्या दिवशी दादाने तिला उचलून इस्पितळात आणलं. ती थंडीने कुडकुडत होती आणि ओठ पांढरे पडले होते. कुठलं औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात इतका घट्ट दाबला की मी पुन्हा एकदा गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

आमच्या वॉर्डच्या मुख्य नर्सला सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. त्यांनी दादाला पाणी आणायला पिटाळलं, पडदा ओढला आणि स्टूल घेऊन त्या वहिनीच्या तोंडासमोर बसल्या.

"मी रागावणार नाही," त्या म्हणाल्या. "गोळी, काढा, पूड, मंतरलेलं पाणी, दोन आठवड्यांत पोटात जे गेलं ते सगळं सांगा. एक जरी लपवलंत, तरी आमचं औषध तुम्हालाच बाधेल."

वहिनी रडत रडत बोलली. पुडी तिच्या पर्समध्येच होती. सिस्टरनी ती ट्रेमध्ये उलटी केली. राखेसारख्या भुकटीत एक तुकडा नीट कुटला गेला नव्हता, आणि गोळी मोडायला मधोमध जी रेघ असते, ती त्यावर स्वच्छ दिसत होती. नंतर तपासणीतही तेच निघालं: वेदनाशामक गोळ्या, तिप्पट प्रमाणात. त्यांनी दुखणं दाबलं, तापही दाबला आणि आधीच अडलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकला. फोटोत तोच टोकदार खडा खाली सरकून मूत्रनलिकेत अडकलेला दिसला. डॉक्टरांनी नळी घालून खड्यामागे तुंबलेला पू काढला. आणखी एक दिवस गेला असता, तर मूत्रपिंड गेलं असतं आणि कदाचित वहिनीही.

पुढच्या रविवारी मी आणि सिस्टर त्याच सभागृहात गेलो. मी मंचावर चढून दोन्ही फोटो दाखवले. बाबा हसला. "फोटो छायेचा असतो, बाई. खडा जातो, छाया मागे राहते." लोकांनी माना डोलावल्या. मी हरले होते.

मग सिस्टर पुढे आल्या. त्यांच्या एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्यात ट्रे. बाकावर एक निवृत्त बस ड्रायव्हर सदरा वर करून झोपला होता.

"तुम्ही पेशंटच्या अंगाला तोंड लावणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे आधी हात धुतात. तुम्ही आधी चूळ भरा."

"तोंडात मंत्र आहे. पाणी चालत नाही."

"मंत्र राहू दे आत. पाणी तेवढं या ट्रेमध्ये थुंका."

सेवक त्यांना बाजूला ढकलायला आला, तर पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठून मध्ये उभ्या राहिल्या. ड्रायव्हर उठून बसला आणि त्याने सदरा खाली ओढला.

"बाबा, माझ्या पोटात काय आहे ते नंतर बघू," तो म्हणाला. "तुमच्या तोंडात काय आहे ते आधी दाखवा."

बाबाने आवंढा गिळला, आणि तिथेच घात झाला. त्याचे डोळे पांढरे झाले, तो गळा धरून वाकला. सिस्टरनी त्याच्या पाठीत तळहाताने चार सणसणीत दणके घातले. ट्रेमध्ये गोल गरगरीत चार खडे पडले. त्याचा जीव त्यांनीच वाचवला. त्यांच्या जागी मी असते, तर थोडा विचार केला असता.

सगळी विद्या एवढीच होती. खडे गालात आणि हिरडीच्या फटीत दडवायचे, नळी दाबून कातडीवर लाल वळ उठवायचा, मग खडा थुंकायचा. मूत्रपिंडात स्वस्थ बसलेला खडा तसाही कित्येक दिवस दुखत नाही, आणि दुखलाच तर पुडीतल्या गोळ्या होत्याच. एकवीस दिवस फोटो नको, कारण तोवर बाबा दुसऱ्या गावी. पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीवर पहिली सही वहिनीने केली.

तिचा खडा पुढे दुर्बिणीने काढला. त्याआधी डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले, त्यांनी कागदावर चित्र काढलं आणि काय समजलं ते तिच्याच शब्दांत तिच्याकडून वदवून घेतलं. त्याला सहा मिनिटं लागली. ही सहा मिनिटं पहिल्याच दिवशी दिली असती, तर ती त्या बाकावर झोपलीच नसती.

म्हणून सांगते. डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही, तर पुन्हा विचारा. ते वैतागले तरी विचारा. जे काही घेत असाल, ते सगळं सांगा. आणि उपचार लपवून ठेवायला सांगणारा कुणीही भेटला, तर समजा की तो तुम्हाला बरं करायला बसलेला नाही, आणि त्याच्या दारातून तसेच मागे फिरा.