माझा आवाज बाजूला जातो

मी मझल ब्रेक. नाव ऐकून गाडीचा भाग वाटेन, पण माझा आणि चाकांचा काही संबंध नाही. रायफलीच्या नळीच्या अगदी टोकाला, जिथून गोळी बाहेर पडते तिथे, मला पिळून बसवतात. बोटभर लांबीचं पोलादी नळकांडं आणि दोन्ही अंगांना कापलेल्या खाचा, एवढाच माझा देह. गोळीच्या मागून जो जळका वायू उसळतो तो मी या खाचांतून डावी-उजवीकडे फेकून देतो. त्यामुळे रायफलीचा मागे बसणारा धक्का कमी होतो आणि नेम धरणाऱ्याचा खांदा वाचतो. माझं कौतुक करायचं तर इथेच करून घ्या. पुढे जागा मिळणार नाही.

आयडाहोतल्या एका कारखान्यात लेथवर माझा जन्म झाला. तिथून पाकिटात बंद होऊन मी कॅलिफोर्नियाच्या ईशान्य कोपऱ्यात, नॉरिस टीगच्या बंदुकांच्या दुकानात येऊन लटकलो. गिऱ्हाइकं येत, मला उलटंपालटं करत आणि परत खिळ्याला अडकवून जात. हात लावल्याशिवाय माणसांना वस्तू बघताच येत नाहीत.

एके दिवशी मर्ल ऑस्ट्रँडर आला. गावाबाहेर त्याचं गुरांचं रँच. सोबत त्याची बायको व्हर्ना. नेवाडातल्या भावानं मर्लला आपली रायफल देऊन टाकली होती आणि ती रीतसर नॉरिसच्या दुकानात येऊन पडली होती.

"नॉरिस, हिच्या पुढचं टोक कुठे गेलं रे? भावाकडे होती तेव्हा होतं की!"

"त्यानं काढूनच पाठवली. गोळी सुटताना दिसणारी ज्वाला लपवायचं होतं ते. त्याच्या राज्यात चालतं, आपल्याकडे या जातीच्या रायफलीला नाही चालत. लावलंस तर बंदूकही जाईल आणि तूही जाशील."

"बंदूक राहू दे," व्हर्ना म्हणाली, "ह्यालाच न्या."

नॉरिस खो खो हसला. मर्लला ऐकूच गेलं नव्हतं. ट्रॅक्टरवर बसून बसून त्याचे कान केव्हाच गेले होते. व्हर्नानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन तोच टोमणा पुन्हा मारला, तेव्हा कुठे तो हसला.

मर्लची अडचण वेगळी होती. मागच्या हिवाळ्यात बैलानं फाटक ढकलून त्याचा खांदा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण धक्का सोसत नव्हता. वासरं होण्याच्या दिवसांत कायोटी टपून असतात. आमच्याकडचे हे रानकुत्रे नुकतं जन्मलेलं वासरू उचलायला कमी करत नाहीत. बंदूक धरता आली नाही तर मर्लचं कसं व्हायचं?

नॉरिसनं दोन पाकिटं काउंटरवर टाकली. एकात मी, दुसऱ्यात अगदी माझ्यासारखाच एक.

"जुळी भावंडं दिसतात," मर्ल म्हणाला.

"दिसण्यावर जाऊ नकोस. ह्याच्यावर काय लिहिलंय वाच. धक्का कमी, ज्वालाही कमी. त्या 'ज्वालाही'पायी मी हा तुला विकणार नाही. आणि हा? धक्का कमी. बस्स. हा बसतो कायद्यात."

मी केवढा फुगलो सांगू! एका शब्दानं दुसऱ्याला बाद केलं आणि मला सज्जन ठरवलं. कायद्यानं माझ्याकडे फक्त उजेडाची चौकशी केली होती आणि त्यात मी पास झालो होतो.

आवाजाचं व्हर्नानं विचारलं.

"वाढतो," नॉरिस म्हणाला, "आणि शेजारच्याला जास्त लागतो. आवाज अडवणारे मफ कानांवर घालायचे."

"मर्लला नकोत. त्याला आता वाचवायला काही शिल्लक नाही."

"मी तुझ्याबद्दल बोलतोय, बाई."

"घालते रे बाबा."

नॉरिसनं रायफल शिकंज्यात आवळली आणि मला आट्यांवर फिरवलं. मधे पातळ चकत्या घालून तो पुन्हा पुन्हा पाहत होता. खाच खाली आली तर जमिनीवरची धूळ उडून तोंडावर येते, म्हणून माझ्या खाचा बरोब्बर बाजूला यायला हव्या होत्या. त्या आल्या. त्यानं पाना ठेवला आणि म्हणाला, "आता कसा सरळ बसला!"

दुकानामागच्या मैदानावर मर्लनं मला वाजवून पाहिलं. तिथे तो नियमाचा पक्का. मफ न घालता उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला त्यानं चांगलं झापलं. पण रँचवर हीच माणसं निराळी होतात. तिथे मफ गाडीतल्या खुंटीला लटकतात. एका गोळीसाठी कोण घालतो, आणि कान झाकले तर कायोटीची चाहूल कशी लागणार?

चाहूल घ्यायचं काम व्हर्नाचं. त्या घरातले कान तीच होती. कोणती कालवड वेणा देतेय आणि कोणती उगाच हंबरतेय, हे ती स्वयंपाकघरातून सांगायची. भांडी घासता घासता हात थांबायचा आणि ती म्हणायची, "मर्ल, ऊठ, तांबडी अडलीये." मर्ल उठायचा आणि वासरू वाचायचं. हे मी पुढच्या खोलीतल्या कपाटातून ऐकलेलं आहे.

फेब्रुवारीतली पहाट. गवताच्या गठ्ठ्यामागे दोघं बसली होती. व्हर्ना त्याच्या उजव्या हाताला, नळीच्या जवळ, जरा पुढेच. नीट ऐकू यावं म्हणून तिनं लोकरी टोपी कानांवरून वर सरकवली होती. तिनंच आधी ओळखलं. बोटानं दाखवत ती पुटपुटली, "त्या नाल्यात."

मर्लनं नेम धरला. तिला मागे सरक म्हणायला हवं होतं, पण बोललं की जनावर बुजतं. त्यानं चाप ओढला. गोळी चुकली. पुन्हा ओढला, पुन्हा. प्रत्येक वेळी मला जे नेमून दिलंय तेच मी केलं. सगळा वायू, सगळा आवाज बाजूला फेकला. बाजूला व्हर्ना होती.

"लागली का?" तिनं विचारलं, आणि ती ओरडतेय हे तिचं तिला कळलं नाही.

घरी आल्यावर ती तडक शेगडीकडे गेली. "किटली केव्हाची शिटी मारतेय, बंद कर की!" किटली फडताळात होती. मर्ल हसला. पुढे तिच्या कानातली ती शिटी थांबली नाही, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

त्याच आठवड्यात दुसरी एक कालवड अडली. गोठ्यातून तिचं कण्हणं मला कपाटात ऐकू येत होतं. व्हर्ना खिडकीपाशी बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला नाही. मला हाक मारता आली असती तर! सकाळी मर्ल मेलेलं वासरू ओढत बाहेर घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"तुला ऐकू नाही आलं?"

तिनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग वासराकडे. "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरनं सांगितलं, गेलेलं परत येत नाही. गाडीत व्हर्ना म्हणाली, "चला, आता दोघं सारखे झालो. भांडायला तरी मजा येईल." मर्लला ते पहिल्याच वेळी ऐकू गेलं. घरी येऊन त्यानं पाना काढला आणि मला उतरवलं. माझ्या जागी नळीच्या आट्या झाकणारी साधी पोलादी टोपी लावली. ती चालते, कायद्यातही बसते. मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं.

धक्का आता त्याचा खांदाच खातो. संध्याकाळी तो बर्फाची पिशवी खांद्यावर ठेवून बसतो.

परवा शेजारचा गेलॉर्ड प्रुइट आला. त्याचाही खांदा दुखतो. "तुझा तो ब्रेक पडूनच आहे ना, दे मला," म्हणाला. त्याचे ओठ वाचून व्हर्नाला कळलं. तिनं डबा काढला, मला बोटांनी उचललं आणि गेलॉर्डला दाखवायला वळली. मी निसटलो.

सिमेंटच्या फरशीवर पोलाद पडलं की केवढा खणखणाट होतो! गेलॉर्ड दचकला. मर्लसुद्धा दचकला.

व्हर्ना डब्यातच शोधत होती. "आत्ता तर हातात होता," ती म्हणत होती. मी तिच्या पायाशी अजून घरंगळत होतो.

मर्लनं वाकून मला उचललं. गेलॉर्डनं हात पुढे केला नाही. "राहू दे," तो म्हणाला, "आधी घरी बोलतो."

मी पुन्हा डब्यात आहे. माझ्यासारखा दुसरा कुणी तुम्ही दुकानात हातात घ्याल, तेव्हा कायद्याचं जरूर विचारा, खांद्याचंही सांगा. पण तुमच्या शेजारी कोण बसतं, तेही सांगा. आम्हाला दिसत नाही हो. आम्ही फक्त बाजूला फेकतो.