आपल्या मुलींचं वसतिगृह

लिफ्टसाठी मी किती भांडले, ते आमच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर अजूनही सापडेल. परदेशातल्या इस्पितळात नर्सची ड्यूटी संपवून घरी आले की बूटही न काढता मी त्या व्हिडिओ मीटिंगला बसायची. मायदेशी आमच्या जुन्या वसतिगृहाच्या जागी चर्च नवं वसतिगृह बांधणार होतं आणि त्यासाठी देणग्या आम्ही माजी विद्यार्थिनींनी गोळा करायच्या होत्या. एखादी पोर पायाने अधू असली तर तिने तिसरा मजला कसा चढायचा, असं मी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोलीखोलीला बाथरूम हवं म्हटलं, तेही मंजूर. आपल्या बायकांची मनं केवढी मोठी, असं वाटून मला भरून आलं होतं. माझ्यासारखी बावळट मीच.

या खटाटोपामागे माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी होती, वसतिगृहात आम्हाला रांधून घालणाऱ्या मावशींची नात. मी तापाने फणफणले होते तेव्हा याच मावशी माझ्या उशाशी बसून होत्या. नातीला आता नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. गाव लांब, रोज येणं-जाणं जमण्यातलं नव्हतं, म्हणून तिने शहरात एका घरी भाड्याने कॉट धरली होती. मीच फोनवर म्हटलं, "सोडून दे ती. आपलं वसतिगृह होतंय, पहिली खोली तुझी."

हे मी भिंगरीला विचारून म्हटलं होतं. भिंगरी माझी तेव्हाची खोलीतली जोडीदारीण. एका जागी बूड टेकत नसे म्हणून हे नाव पडलेलं. ती मायदेशीच राहिली आणि बांधकाम समितीची अध्यक्ष झाली. "तिची सोय मी बघते. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस," असं ती म्हणाली होती.

उद्घाटनासाठी मी रजा काढून आले. भिंगरी गळ्यात पडली आणि मला थेट लिफ्टने वर घेऊन गेली. एका दारावर माझ्या नावाची पितळी पाटी होती. आत डबल बेड, टीव्ही, छोटा फ्रिज, खिडकीपाशी दोन आरामखुर्च्या.

"यात किती मुली राहणार?" मी विचारलं.

"कुठल्या मुली?" भिंगरी म्हणाली. "अगं, या आपल्या खोल्या. आपण इकडे आलो की राहायला. एरवी पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. लिफ्टचं तर तूच सुचवलंस. सगळ्या म्हणाल्या, बरं झालं, आपल्या गुडघ्यांचा कुणीतरी विचार केला."

"आणि विद्यार्थिनी?"

"त्यांचं पुढच्या टप्प्यात. मीटिंगमध्ये ठरलं गं, तू ड्यूटीवर होतीस. नंतर तुला सांगितलं असतं तर तू मोडता घातला असतास."

हे ती हसत हसत म्हणाली. एका ताटात जेवलेल्या आम्ही. ती मला पुरती ओळखून होती आणि म्हणूनच तिने मला अंधारात ठेवलं होतं.

"मावशींची नात सामान घेऊन येतेय आज," मी म्हटलं.

"आलीय की, खाली आहे. बोलले मी तिच्याशी. स्वयंपाकघरामागे एक खोली आहे, तिथे राहू दे. खोल्या आवरायच्या, पाहुण्यांना चहा-नाश्ता द्यायचा. राहणं-जेवण फुकट."

"सकाळी तिचं कॉलेज असतं."

"मग ते तिने बघावं," भिंगरी म्हणाली आणि खिडकीचा पडदा सारखा करू लागली.

खाली दारासमोर मंडळी जमली होती. मावशी आणि नात सामान घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या. पाळकांनी मला आभाराची प्रार्थना करायला सांगितलं. भाषण कुणीही मध्येच तोडतं, प्रार्थना कुणी तोडत नाही. मी डोळे मिटले.

"प्रभू, शिकणाऱ्या मुलींसाठी म्हणून आम्ही लोकांपुढे हात पसरले आणि घर मात्र स्वतःसाठी बांधलं. जिला मी खोलीचा शब्द दिला, ती इथे गादी घेऊन उभी आहे आणि आम्ही तिच्या हातात झाडू देतोय. हे आम्ही तुझं नाव घेऊन केलं. आम्हाला थोडी लाज दे."

सवयीने सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. भिंगरीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. फीत कापली, टाळ्या झाल्या आणि बायका खोल्या बघायला आत शिरल्या. "किती मनापासून बोललीस गं," भिंगरी डोळे पुसत म्हणाली आणि त्यांच्यामागे गेली.

मावशी आणि नात फाटकापाशीच उभ्या होत्या. नातीने गुंडाळलेली गादी छातीशी धरली होती.

"मी आत्ताच त्या घरी फोन केला, आत्या," ती म्हणाली. "माझी कॉट त्यांनी दुसरीला दिली."

"मी दुसरी शोधते तुझ्यासाठी. आजच्या आज शोधू. मी शब्द देते तुला..."

"नको, आत्या." ती रागावलेली नव्हती, नुसती थकलेली दिसत होती. "तुम्ही आता शब्द नका देऊ."

गादी खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे चालू लागली. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तिची पेटी उचलून त्याही गेल्या.