व्हॉल्व्हचा रकाना

कारखान्यात सगळे त्यांना काटेकाका म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण अडतीस वर्षं बॉयलरच्या दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काय नाव मिळणार? दर तासाला दाब लॉगबुकात लिहायचा. काटा लाल रेघेकडे सरकला की व्हॉल्व्ह उघडायचा, उतरला की बंद करायचा. रविवारी बॉयलर थंड, काकाही थंड.

निवृत्तीनंतर ते खुर्चीत जे बसले ते बसलेच. जेवणात वरून मीठ, प्रत्येक चहामागे सिगारेट. शेवटी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि रोज एक गोळी लिहून दिली. काकूंनी धसका घेतला. काकांना मात्र हुरूप आला, कारण लक्ष ठेवायला पुन्हा काहीतरी मिळालं होतं. त्यांनी दाब मोजायचं यंत्र आणलं, वही आखली आणि घरातही लॉगबुक सुरू केलं.

काकू रोज सकाळी चहाच्या बशीत गोळी ठेवत. बशी रिकामी परत येई. वही बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही. एवढा काटेकोर माणूस, त्यात आपण कशाला नाक खुपसायचं?

एका मंगळवारी त्या कपबशी उचलायला आल्या, तेव्हा काका वहीवर वाकले होते आणि पेन रेघ सोडून खाली घसरलं होतं.

"अहो, काय गिरवताय हे?"

"पे... पेन..." त्यांच्या तोंडाची उजवी बाजू लोंबली होती.

काकूंनी वही उचलली आणि शेजाऱ्याला हाक मारली. शेजाऱ्याने गाडी काढली. इस्पितळात पोहोचल्या तेव्हा वही त्यांच्या हातातच होती.

"स्कॅनमध्ये मेंदूत गुठळी दिसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेवटचे ठणठणीत कधी होते? नक्की वेळ सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तेव्हापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं."

काकू तर तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी वही पुढे केली. सात दहाची ओळ अगदी सरळ होती. तिच्याखालची सात चाळीसची घसरत पानाबाहेर गेली होती.

"सात दहा," म्हणत बाई झपझप आत गेल्या.

बाकावर बसून काकूंनी ती वही पहिल्यांदाच वाचली. दाब १२८, व्हॉल्व्ह बंद. १३०, बंद. १७०, उघडला. १२६, बंद. घरात कुठला आलाय व्हॉल्व्ह? मग त्यांना उमगलं. व्हॉल्व्ह म्हणजे गोळी. दाब बरा दिसला की काका गोळी खिशात टाकत होते. तो गोळीमुळेच बरा राहतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सात दहाला लिहिलं होतं, '१९०. उघडला.' काकूंना त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. त्याहून जास्त राग स्वतःचा आला. तीन महिने ही वही टेबलावर उघडी पडली होती.

काका वाचले. बोलणं हळूहळू बरंचसं परतलं, उजवा हात मात्र मागेच राहिला. सिगारेट सुटली, मिठाची बाटली टेबलावरून गेली, आणि वही काकू लिहू लागल्या. गोळी त्या आता बशीत ठेवत नाहीत, समोर उभ्या राहून देतात.

एका रविवारी काकांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "एकशे... वीस. तरी... गोळी?"

"तुमचा बॉयलर दर रविवारी थंड व्हायचा," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या छातीवर बोट टेकवलं. "हा एकदाच होणार आहे."

काकांनी गोळीसाठी डावा हात पुढे केला.