पॅनिक रूममध्ये जाऊन येणे

सेल्समन वाचला. मीही वाचलो. नंतर आम्ही दोघांनी एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायला. झाली गोष्ट. आता हे मी सांगितलंच नाही असं समजा, कारण मी आत होतो तेव्हा मलाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी शब्दकोशाच्या कचेरीत काम करतो. इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीत लिहायचे, बसल्या जागी होणारं काम. पण आमच्या संपादक बाईंचा एक दंडक आहे. दोन शब्द जोडून झालेला शब्द असेल तर त्याचा अर्थ पुस्तकात बघून लिहायचा नाही. "शब्दात जाऊन या," म्हणतात. माझ्या आधीच्या माणसाच्या वाट्याला 'मॅनहोल' आला होता. तो हल्ली हिशेब विभागात असतो आणि जेवणाच्या ताटाकडेसुद्धा जरा लांबूनच बघतो. मला 'पॅनिक रूम' मिळाला तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. निदान कोरडा तरी आहे, म्हणाले.

आधी लोक हा शब्द कसा वापरतात ते गोळा केलं. वहिनीच्या मते आमचं स्वयंपाकघर म्हणजे पॅनिक रूम, विशेषतः सासूबाई मदतीला येतात तेव्हा. हे ती आईसमोरच म्हणाली, त्यामुळे पुरावा जागच्या जागी मिळाला. मावसभावाच्या कॉल सेंटरमध्ये एक काचेची खोली आहे, तिथे बोलावून माणसाला कामावरून काढतात. तिला सगळे पॅनिक रूमच म्हणतात. दातांच्या डॉक्टरांकडच्या मदतनिसाने बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. म्हणजे काहींच्या लेखी ही लपायची जागा होती आणि काहींच्या लेखी सापडायची. मी हे सगळं बाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आणि खरी खोली कुठाय?"

खरी खोली, म्हणजे घरात चोर शिरले तर कोंडून घेऊन बसायची, तिजोऱ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या बाजूला होती. नमुन्यासाठी उभी केलेली. पोलादी भिंती, एक स्टूल, हवेसाठी वर जाळी, बोलण्यासाठी बटण दाबायचा इंटरकॉम. बाहेरचं दाखवणारा कॅमेरा वेगळे पैसे भरल्यावर मिळतो, नमुन्यात तो नव्हता. दुपारची वेळ. दुकानात सेल्समन एकटाच, आणि गिऱ्हाईक बघून त्याला भरतं आलं होतं. मी गिऱ्हाईक नाही हे मी सांगितलं, पण तोवर त्याने सुरुवात केली होती.

दार फक्त आतून उघडतं. एकदा लावलं की बाहेरून त्याला नाही, मालकाला नाही, कुणालाच उघडता येत नाही. डेमोत गिऱ्हाइकाने आत बसायचं आणि बाहेर तो चोर होणार. तो वाट्टेल ते बोलेल, रडेल, आजारी पडेल, पण आपण उघडायचं नाही.

"माझ्या आवाजावर तर मुळीच विश्वास ठेवू नका, सर," तो म्हणाला. "मागे एका गृहस्थांनी मी नुसता शिंकलो तर उघडलं. मी त्यांना खोली विकलीच नाही."

मी कबूल झालो आणि आत बसलो. खटका बसला. डेमो संपला हे कशावरून ओळखायचं, हे ठरवायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तो विकण्यात दंग आणि मी अर्थाच्या मागे.

सुरुवातीला मजा आली. आधी तो पोलीस झाला, मग गॅसवाला. मग बायकी आवाज काढून माझी आई झाला. माझी आई मला इतक्या प्रेमाने कधी हाक मारत नाही, त्यामुळे तो लगेच पकडला गेला. मी आत एकटाच हसत होतो.

मग वरच्या जाळीतून दुकानाच्या दाराची घंटी ऐकू आली. सेल्समन कुणाला तरी या, बसा म्हणाला. दुसरा आवाज जाड होता, शब्द कळले नाहीत. काहीतरी फुटलं. त्यानंतर काहीच नाही. इतक्या सोंगांमध्ये गप्प बसण्याचं सोंग त्याने एकदाही केलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने इंटरकॉम खरखरला.

"सर, उघडा. डेमो संपला."

सेल्समनच होता. पण त्या 'सर'मध्ये विकण्याची गोडी नव्हती. बाहेर कोण आहे, मी विचारलं. कोणी नाही, तो म्हणाला, आणि फारच पटकन म्हणाला. त्याच्या मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. खरं सांगताय ना, विचारलं. खरंच सांगतोय, म्हणाला. गॅसवाला असतानाही तो हेच म्हणाला होता.

पोलादात फोनला रेंज नसते. मी स्टुलावरून उठून दाराशी गेलो. हे सोंग असेल तर उघडून फक्त माझी फजिती होणार होती. पण त्या दुसऱ्या माणसाने सेल्समनच्या मानेवर काही टेकवलं असेल तर? उघडलं की दोन माना. नाही उघडलं तर एकच, पण ती त्याची. आणि मी आतल्या जाळीखाली गार हवा खात बसलेला. मी खटका धरला, पण उघडला नाही.

"सर, प्लीज," सेल्समन म्हणाला. "लवकर."

मग बटणाजवळ झटापट झाल्यासारखं वाटलं आणि तो जाड आवाज आला.

"उघड म्हणतोय ना तो. उघड."

दुकानाचा मालकही असाच बोलत असणार. चोरही असाच बोलतो. या दोघांमधला फरक आमच्या कोशात नाही, आणि तो टाका म्हणून सुचवायला मी काही बाईंपर्यंत पोचणार नव्हतो.

सेल्समनला धीर द्यायला काहीतरी चार शब्द बोलायचे होते, पण भीतीने माझी भाषा मला टाकून थेट कचेरीत पळाली. एका हाताने खटका धरून दुसऱ्याने मी बटण दाबलं आणि म्हणालो:

"दारापलीकडील सर्व उपस्थितांस सविनय विनंती करण्यात येते, की आपणांपैकी जे खरे असतील त्यांनी आहे तेथेच थांबावे, आणि जे चोर असतील त्यांनी दार उघडण्यापूर्वी, कोणासही इजा न करता, कृपया स्वतःहून निघून जावे."