पाचवं शील

कुंभारीच्या विहारात दर रविवारी नागनाथ पुढं बसून पंचशील सांगायचा आणि बाकीची माणसं त्याच्या पाठोपाठ म्हणायची. त्यानं दारू सोडली, तेव्हा वस्तीनं हा मान दिला होता. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, हल्ली तो घाईनं उरकायचा. पाचवं दारूचं. ते म्हणून तो थांबला, की सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मागून एक आवाज यायचा. घोगरा, जड जिभेचा. त्याच्या धाकट्या भावाचा, दिपकचा.

दिपक दारूपायीच गेला. जाण्याआधी म्हणाला होता, "दादा, मला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोड की."

"मी गेलतो का कुणाच्या दारात? मनगटात जोर लागतो," नागनाथ म्हणाला होता.

आणि आता तोच पुन्हा प्यायला लागला होता. चिंचोळीच्या कारखान्यातून सुटला की बाभळीआड गाडी लावायची, मग तोंडात बडीशेप. जिवंत माणसांपैकी कुणाला पत्ता नव्हता, असं त्याला वाटे.

त्या रविवारी चौथं शील झालं आणि त्याचं तोंड उघडेना.

"इसरला जनू," शालनबाई कुजबुजल्या. "म्हातारा झाला की!" दोघीचौघी फिसकन हसल्या.

विसरलो म्हटलं असतं तर निभावलं असतं. नागनाथनं वळून पाहिलं. दाटीवाटीनं बसलेल्या माणसांच्या मागं, चपलांपाशी, एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिथं कुणीच बसलं नव्हतं. शेजारी दिपकची बायको राजश्री.

"राजश्री, पुढं ये. तू सांग."

"अन् तुमी, भावजी?"

"मी मागनं म्हणतो." तो जागेवरून उठला. "काल बी पिऊन आलतो मी."

शालनबाईंनी तोंडाला पदर लावला.

"ठावं हाय," राजश्री म्हणाली. "तुमची कापडं मीच धुती की."

"उद्या मला केंद्रात नेऊन सोडशील?"

तिनं पदर खोचला. मग उठली. "सोडते. आदी बसा."

तो त्या मोकळ्या जागेत बसला. फरशी ऊबदार होती.

राजश्रीनं पाचवं शील सांगितलं. सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यांचं झाल्यावर नागनाथच्या तोंडून शब्द फुटले, घोगरे, जड जिभेचे.

पुढं बसलेली राजश्री दचकली. तिनं हात जोडलेलेच ठेवले, पण मागं वळून बघायचा धीर तिला झाला नाही.