राजा मेला आणि कोंबडा आरवला

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मागाहून कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

कारखान्यात मला मुद्दाम उंचावरून पाडून पाहिलं, तापवलं, गदागदा हलवलं. मी टिकलो. "दणकट आहे हा," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात भरलं. दणकट म्हटलं की लोकांना वाटतं, याला कसंही वागवावं. तिथंच माझं नशीब फुटलं.

मला घेतलं एका फिरत्या नाटकमंडळीनं. मंडळीचा मालक आणि राजाचं काम करणारा नट एकच. त्याला सगळे दादा म्हणत. नाटकातले आवाज त्याची बहीण, धाकटी, सांभाळायची. माझ्या एकेका कळीत तिनं एकेक आवाज बसवला होता. एकीत वीज कडाडायची, एकीत घोडे दौडायचे, एकीत कोंबडा आरवायचा. आणि त्याच्या शेजारच्या कळीत होती अंगाई. शेवटच्या प्रवेशात, प्राण सोडताना, राजाला ती ऐकू यायची. ती गायली होती या दोघा भावंडांच्या आईनं, स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता. पुढे आई गेली. तिचा आवाज फक्त माझ्याजवळ राहिला. त्याची प्रत काढून ठेवायची, असं धाकटी नेहमी म्हणायची आणि दौऱ्याच्या धांदलीत ते राहून जायचं.

प्रवासात ती मला शालीत गुंडाळून मांडीवर घ्यायची. दादाला ते खुपायचं. एका दौऱ्यात त्यानं मला बसच्या टपावर चढवलं, लोखंडी नळ्या आणि फळ्यांच्या मधोमध.

"दादा, अरे मोडेल तो."

"मोडायला काय काचेचा आहे? पडदे वर जातात, नळ्या वर जातात, मग याचेच काय एवढे लाड?"

मित्रांनो, खाली बसून तुम्ही खड्ड्यात नुसते उसळता. वर टपावर प्रत्येक खड्डा नळी होऊन अंगावर येतो. माझी बिजागरी निखळली, कोपरा फुटला, पंख्यात धूळ जाऊन मला धाप लागायला लागली. मुक्कामी पोचल्यावर धाकटी बारीक कुंचल्यानं माझी धूळ काढायची. दादा डोकावून म्हणायचा, "चालू झाला ना? मग!" मी चालू होतो, हाच माझा गुन्हा ठरला.

शेवटी धाकटीनं सांगून टाकलं, "तो वर गेला तर मी बसमध्ये चढणार नाही."

"नको चढूस. कळा दाबायला काय अक्कल लागते? माझ्या बायकोचा भाऊ आहे की, तो मेव्हणा दाबील."

"बरं. निदान आईचा आवाज तरी काढून घेऊ दे मला."

"लॅपटॉप मंडळीचा आहे. दौरा संपला की बघू."

बस सुटली. रिकाम्या हातांनी रस्त्याच्या कडेला उभी असलेली धाकटी मला टपावरून बराच वेळ दिसत होती. त्या दिवशी मी डूख धरला.

पुढचा प्रयोग मोठ्या नाट्यगृहात होता. मुंगी शिरायला जागा नव्हती. वाटेतल्या दणक्यांनी कोंबड्याची कळ अशी बिघडली होती की एकदा दाबली की वर येत नव्हती. मी जोर करून ती सोडवू शकलो असतो. नाही सोडवली.

राजा कोसळला. अंगाईची वेळ झाली. मेव्हण्याचं बोट चुकून शेजारच्या कळीवर पडलं. कोंबडा आरवला. मेव्हणा कळ उचकटतोय, कोंबडा आरवतोय! राजा तर मेलेला. मेलेल्याला हलायची सोय नाही. पहिल्या रांगेतली एक बाई रुमालात तोंड खुपसून हसली आणि मग सगळं नाट्यगृहच हसत सुटलं. शेवटी मेलेला राजा ताडकन उठून ओरडला, "अरे, बंद कर तो कोंबडा!"

एवढा आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

पडदा पडल्यावर दादानं मला डोक्यावर उचलून फरशीवर आपटलं. तरी मी धड होतो. मग त्यानं पुन्हा आपटलं. माझे तुकडे झाल्यावर तो एकदम थबकला. "आई," एवढंच म्हणाला आणि खाली बसून तुकडे गोळा करू लागला.

काही दिवसांनी तो माझे तुकडे पिशवीत घालून धाकटीच्या दारात आला. "बघ ना गं, काही होतं का."

तिनं त्याला बाहेरच्या बाकावर बसवून दार लावलं. माझी डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली, कानाला हेडफोन लावले. भांडी वाजली. आईचा सूर लागला. धाकटी तोंडावर दोन्ही हात दाबून, आवाज होऊ न देता रडली.

"धाकटे, मिळाला का गं?" बाहेरून दादानं विचारलं.

तिनं डोळे पुसले. दाराकडे पाहिलं.

"नाही रे दादा. काहीच उरलं नाही."

तो मान खाली घालून निघून गेला. ती आता एकटीच ऐकते. कधीकधी त्याला कळवावं म्हणून तिचा हात फोनकडे जातो आणि परत येतो. हात परत आला की मला बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझी भावंडं असतील. आम्ही पुष्कळ सोसतो, म्हणून तर तुम्ही आम्हाला फेकता. पण फेकण्याआधी एकदा आठवून बघा, आमच्या पोटात तुमचं काय काय आहे. तुम्ही विसरला असाल. आम्ही विसरत नाही.